राजीनामा देणारा आणि पळून गेलेला

साहेब नोकरी सोडतो त्याला राजीनामा म्हणतात. आपला माणूस सोडतो तेव्हा मुकादम म्हणतो, 'पळाला साला.' साहेबाला शाल, नारळ, दोन भाषणं. आपल्या माणसामागं मोटरसायकलवर दोन गडी. गोष्ट एकच, नावं दोन. ही नावं कुणी पाडली हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आत्ताच हे लिहायचं कारण असं. मी गोदीत ठेक्यावर ओझं वाहतो. खोलीवर आम्ही सहाजण राहतो, त्यातले चौघे हिंगोली जिल्ह्यातले. पाळी सुटली की गावाकडचे फोन सुरू होतात. वसमतच्या हळदीच्या आडतीवर पोती उचलणारा असो की कळमनुरीकडे दुकानात राबणारा असो, वर्षभर एकच सवाल ऐकतोय : नोकरी सोडू का? पांढरपेशांच्या पुस्तकांत ह्याची छापील उत्तरं असतात. मन रमत नसेल तर सोडा. प्रगती खुंटली असेल तर सोडा. सकाळी उठून कामावर जावंसं वाटत नसेल तर सोडा. च्यायला, सकाळी उठून कामावर जावंसं वाटणारा हमाल मला अजून भेटायचाय! ह्या हिशेबानं अख्खी गोदी रोज रिकामी व्हायला पाहिजे.

दोस्तहो, आपला सवाल मुळातच दुसरा आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या कामाला सोडायचा दरवाजाच नव्हता. आत शिरायचा दरवाजा मात्र होता. तो म्हणजे आईचं पोट.

चोखोबाचं बघा. वारकरी परंपरा सांगते की इ.स. 1338 च्या सुमारास मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम निघालं आणि चोखोबाला वेठीला धरून नेलं. माणूस विठ्ठलापाशी जाऊन राहिला, अभंग रचले, नामदेवाला गुरू केलं. तरी गावकीनं हाक मारल्यावर त्याला जावंच लागलं. बांधता बांधता कूस कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेला. नामदेवानं ढिगाऱ्यातून हाडं उचलली आणि पंढरपूरला आणून महाद्वारापाशी पुरली. हे नामदेव म्हणजे आपल्या हिंगोलीच्या नरसीचे. तिथं आज यात्रा भरते, कीर्तन होतं, हाडांतून विठ्ठलनाम कसं ऐकू आलं ते बुवा रंगवून सांगतो. लोक डोळे पुसतात. पण एका बुवानं कधी विचारलं नाही की ह्या माणसाला कुसाच्या कामाला नाही म्हणायची सोय का नव्हती? संत झाला तरी चाकरी सुटली नाही. भिंत पडली तेव्हा सुटली.

ह्या न सुटणाऱ्या चाकरीला नाव मोठं गोड होतं. वतन! ऐकणाऱ्याला वाटावं, काय इस्टेट असेल. इस्टेट म्हणजे काय, तर वाटणी होऊन होऊन चिंधी झालेला हाडोळीचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि दारोदारची शिळी भाकर. त्याबदल्यात सरकारी टपाल न्यायचं, सारा वसुलीला माणसं बोलवायची, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मर्तिकाचा सांगावा घेऊन पायी गावोगाव जायचं. कामाला तास नव्हते. सगळ्यात भयंकर गोष्ट बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे मंडळात सांगितली. वतनदार महार कामावर हजर नसला तर सरकार त्याच्या बापाला धरतं, घरातल्या दुसऱ्या कुणालाही धरतं. म्हणजे नोकरीला माणूस लावलेला नसतो, घर लावलेलं असतं.

त्या साली बाबासाहेबांनी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. त्यातली एक मागणी आजच्या पोरांनी नीट समजून घ्यावी. ज्या वतनदाराला ही चाकरी नको असेल त्याला ती सोडता यावी आणि जमिनीचा पूर्ण सारा भरून जमीन मात्र त्याच्याकडे राहावी. साध्या भाषेत, नोकरी सोडायचा हक्क. कायदे मंडळात त्यासाठी भांडावं लागलं! सरकारनं विरोध केला, बिलाची पार मोडतोड झाली आणि 1929 मध्ये बाबासाहेबांना ते मागं घ्यावं लागलं. तरी त्यांनी वतन सोडलं नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तिथंही बाबासाहेब आले होते. कनिष्ठ गावनोकरांची वतनं मुंबई राज्यात कायद्यानं रद्द झाली ती 1958 च्या कायद्यानं. बाबासाहेब तेव्हा नव्हते.

आपली हिंगोली बिलाच्या वेळी निजामाच्या राज्यात होती. मुंबईचा कायदा तिथं नव्हता, गावकी मात्र तीच होती. तिकडच्या म्हाताऱ्यांनी कायद्याची वाट बघितली नाही. 1956 ला दीक्षा घेतली, त्यानंतर मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, येसकराची काठी खाली ठेवली. हा राजीनामाच होता. फक्त तो एकट्याचा नव्हता, वस्तीचा होता. आणि त्याची नोटीस गावानं कशी भरून घेतली? दुकानातून मीठ बंद. गिरणीत दळण बंद. शेतातून वाट बंद. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. पेटवणाऱ्यांचा राग काय नुसता पाटीवरच्या नावावर होता? वीस वर्षांपूर्वी आपण त्यांची चाकरी सोडली होती, त्याचा हिशेब त्यांच्या पोटात होता असं मी समजतो. कुणाला हे पटत नसेल तर त्यानं वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ अर्धा तास बसावं.

म्हणून मी पोरांना फोनवर एकच कसोटी सांगतो. तुझ्या जागी तुझ्या बापाला, बायकोला, पोराला बोलावतात का? तू आजारी पडलास तर 'घरातलं कुणी पाठव' म्हणतात का? तसं असेल तर ती नोकरी नाही, वतन आहे. ते सोड. पगार कितीही असो, सोड. बाकी सगळ्या भानगडींत घाई करू नको.

आता ह्या कसोटीवर अवघड जाणारी गोष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावचा पोरगा, बी.ए. झालेला. बाप झाडूवाला म्हणून रिटायर झाला. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. 2023 साली शासनानं त्याबद्दल सुधारित निर्णयही काढला. पोरगा कागद घेऊन गेला. टेबलामागचा माणूस म्हणाला, 'मिळंल की, झाडूच मिळंल. परंपराच आहे तुमची.' पोरगं संध्याकाळी फोनवर रडलं. म्हणालं, घेऊ का नको? घेतली तर सोडू कधी?

सभेत भाषण ठोकणं सोपं असतं. 'फेकून दे तो झाडू!' टाळ्या पडतात. पण झाडूमागं पक्का पगार आहे, आईचं औषध आहे, आणि ठेकेदाराच्या रोजंदारीत कुत्रं खाणार नाही असं जिणं आहे. हा वारसा हक्क कामगारांनी मागून, भांडून घेतलाय. जे लोक पिढ्यान्पिढ्या घाणीत उतरले त्यांच्या पोरांना सरकारनं निदान पगार तरी द्यावा ही मागणी खोटी नव्हती. खोटं काय आहे तर त्यातला 'वारसा'. आमदाराच्या पोराला वारशात साखर कारखाना, आपल्या पोराला वारशात गटार. दोन्हीला नाव हक्कच! मी त्याला म्हणालो, घे. लाज वाटून घेऊ नको, लाज त्या टेबलाला वाटायला पाहिजे. पण पहिल्या दिवशीच ठरव की वारसाच्या रकान्यात तुझ्या पोराचं नाव जाणार नाही. ते जाईल असं दिसू लागलं की समज, सोडायची वेळ टळून गेली. तो आता पहाटे झाडतो आणि रात्री स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचतो. पुढं काय होईल मला माहीत नाही.

दुसरं वतन उचलीचं. सेनगाव-औंढ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन, हिशेबात लोखंड एक. मुकादमाची उचल घेतली की हंगामभर सुटका नाही. एक दिवस गेला नाही तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून वळते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं बाहेर आली. पाळीच्या त्रासानं खाडा पडू नये म्हणून बाईनं पिशवीच काढून टाकायची! इथं नोकरी माणसाच्या शरीरात शिरून बसलीय. माझ्या कसोटीत हे पहिल्या नंबरवर बसतं. आणि कायदा काय म्हणतो? घटनेच्या 23 व्या कलमानं वेठबिगारीला बंदी आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं कर्जापोटी माणूस अडकवून ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा 'उचल फिटल्याशिवाय जाता येणार नाही' म्हणणारा मुकादम फरार ठरायला पाहिजे, कामगार नाही. पण पोलीस ठाण्यात तक्रार बहुतेक वेळा मुकादमाचीच आधी लिहून घेतात.

बाकी राहिलं ते रोजचं. पगार कमी, फोरमन शिव्या देतो, ओव्हरटाइम मिळत नाही, पाठ गेली. हे सगळं मी सोसतो, तुम्हीही सोसता. ह्यावर राजीनामा हा इलाज नाही. मालकाला तेच पाहिजे असतं. ठेकेदार सही मागतो तेव्हा बघा, कागदावर 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' असं आधीच टाइप केलेलं असतं. त्या 'स्वखुशी'नं नुकसानभरपाई मरते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यांनी नोकरी सोडली नव्हती, हक्क मागितला होता. नोकरीच त्यांना सोडून गेली आणि गिरण्यांच्या जागी टॉवर आले. गोदीतही कंटेनर आले तशा टोळ्या मोडल्या आणि कायम कामगारांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. स्वेच्छा कुणाची होती ते विचारू नका. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका. पीएफचा नंबर स्वतःच्या मोबाइलला जोडून घ्या, मुकादमाच्या नको. हजेरीचा फोटो काढून ठेवा. राजीनामा द्यायचाच असेल तर स्वतः लिहा आणि पोच घ्या.

बाबासाहेबांनी स्वतः नोकऱ्या कशा सोडल्या हेही पोरांनी वाचावं. आपण त्यांचा फोटो लावतो, पण हा माणूस नोकरदारही होता हे विसरतो. बडोद्याची शिष्यवृत्ती घेतली तेव्हा दहा वर्षं संस्थानात नोकरी करायचा करार होता. 1917 ला नोकरीवर गेले. राहायला जागा कुणी देईना. पारशाच्या नावानं पारशांच्या सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली, बाहेर काढलं. बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. परदेशात शिकून आलेला माणूस, त्यालाही पळूनच यावं लागलं. आजच्या मुकादमाच्या भाषेत 'फरार'. नंतर सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, पगार साडेचारशे. त्या काळात केवढी मोठी रक्कम! पण परळच्या चाळीतच राहिले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून कर्ज घेतलं, आणि मार्च 1920 मध्ये नोकरी सोडून लंडनला अपुरं शिक्षण पुरं करायला गेले. बडोदा रात्रीत सुटलं, सिडनहॅम हिशेबानं सोडलं. आपली पोरं बडोद्यासारखं सुटायची वाट बघत बसतात. गळ्याशी आल्यावर, खिशात तिकिटाचे पैसे नसताना. आजपासून महिन्याला दोनशे रुपये का होईना, आईच्या नावावर बाजूला टाका. मग मुकादमाशी बोलताना आवाज बदलतो, करून बघा.

आणि 1951. कायदेमंत्र्याची खुर्ची. हिंदू कोड बिल रखडवलं, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष चाललं होतं. 27 सप्टेंबरला राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये सभागृहात निवेदन करायला उभं राहायचं, तर आधी त्याची प्रत दाखवा म्हणून अडवलं. बाबासाहेब सरळ बाहेर पडले आणि निवेदन पेपरवाल्यांच्या हातात दिलं. 'वैयक्तिक कारणास्तव' असलं काही त्यात नव्हतं. एकेक कारण लिहिलेलं होतं.

तुमच्यापैकी जो कुणी सोडेल त्यानंही कारण लिहून सोडावं. शुद्धलेखनाची काळजी नको, माझंही तेवढंच आहे. एक प्रत मालकाला द्या, एक आमच्याकडे पाठवा. छापू.