गॅसची पाइपलाइन आणि वरची फांदी



शहरातल्या पुष्कळ घरांतून आता गॅसची टाकी गेली आणि भिंतीवर मीटर आला. सहरीला उठावे आणि नेमकी तेव्हाच टाकी संपावी, ही धांदल संपली. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचा आमचा इरादा नाही. पण या पिवळ्या नळीचे दुसरे टोक कुठे आहे असे वर्गात विचारले, तर मुले 'गॅसच्या ऑफिसात' असे सांगून मोकळी होतात.

ते टोक अनेकदा समुद्रात असते. परदेशातून येणारा वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजाने आणतात. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात दाभोळचा प्रकल्प आहे, तिथे त्याचा पुन्हा वायू होतो आणि तो मोठ्या वाहिनीत जातो. तिथून एक वाहिनी पनवेलकडे येते, तर दुसरी सह्याद्री ओलांडून थेट बंगळुरूच्या बाजूला जाते. जमिनीवर तिची खूण म्हणजे अधूनमधून रोवलेले खांब. पाइप खाली मीटरभर मातीच्या आड असतो. दिसत नाही, म्हणून आपण विसरतो. या महिन्यात आम्हाला बोलायचे आहे ते पाइप पुरण्याच्या त्या थोड्या महिन्यांबद्दल, कारण रानाचे बरेवाईट त्याच काळात ठरते.

काम असे चालते. आधी वीस-तीस मीटर रुंदीचा पट्टा आखतात. त्यातली झाडे तोडतात, वरची माती खरवडून बाजूला करतात, मग चर खणतात. चराच्या कडेला पाइप एकापुढे एक मांडून जोडतात, तपासतात, खाली उतरवतात आणि माती लोटतात. टोळी पुढच्या गावाला जाते. शेतातून असा पट्टा गेला तर दोन-चार हंगामांत शेत सावरते. जंगलात मात्र तो छताला पडलेल्या भेगेसारखा राहतो. जमिनीवरून चालणारा प्राणी ती भेग ओलांडतो. जो जन्मभर फांद्यांवरच राहतो, त्याने काय करायचे?

पेरू देशातल्या ॲमेझॉनच्या जंगलात, उरुबांबा नदीच्या खालच्या खोऱ्यात, या प्रश्नावर एक चांगला प्रयोग झाला. तिथे नैसर्गिक वायूचे मोठे साठे आहेत, त्यामुळे जंगलातून वाहिन्या टाकाव्या लागल्या. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांनी कंपनीला तोडणीच्या आधीच गाठले. त्यांचे मागणे छोटे होते. सगळी झाडे वाचवा असे ते म्हणाले नाहीत. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या ज्या मोठ्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात, अशी काही ठिकाणे शोधायची, तिथे पट्टा अरुंद करायचा आणि ती झाडे उभी ठेवायची, एवढेच. खालून यंत्रे जातील, पाइप जाईल. वर फांद्यांचा पूल राहील. असे 13 पूल राखले गेले. मग संशोधक दोर लावून झाडांवर चढले आणि तिथे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधले. तुलनेसाठी जमिनीवरही कॅमेरे लावले.

2017 मध्ये या कामाचा निबंध छापून आला. 25 जातींच्या सस्तन प्राण्यांनी ते पूल वापरले होते. रात्री हिंडणारी माकडे, लांब शेपटीचे किंकाजू, झाडावर राहणारे साळिंदर. जमिनीवरून पट्टा ओलांडण्याच्या तुलनेत पुलावरून ओलांडण्याचे प्रमाण जवळजवळ 200 पट निघाले. म्हणजे पूल नसता तर यातले बहुतेक प्राणी उतरून पलीकडे गेलेच नसते. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. खाणे तुटते, जोडीदार तुटतो आणि काही पिढ्यांनी त्या तुकड्यातली वस्तीच विरळ होते.

पेरूतल्या वायूची सगळीच कथा गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच खोऱ्यातून निघालेल्या कामिसेया प्रकल्पाची द्रव इंधन नेणारी नळी 2004 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनेकदा फुटली, उतारावरची माती वाहून गेली आणि नदीकाठच्या माचिगेंगा आदिवासींनी त्याचा त्रास सोसला. पण फांद्यांच्या पुलाचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याला फारसा खर्च आला नव्हता. तो करवत चालण्याच्या आधी ठरवावा लागला, एवढीच त्याची अट.

आपल्याकडे हे वाचताना डोळ्यांपुढे शेकरू येते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ही मोठी, तांबूस खार फांदीवरून फांदीवर झेपा घेत जाते, जमिनीवर क्वचितच उतरते. सह्याद्रीच्या दाट राईतून वीस मीटरचा पट्टा काढला, तर तिच्या हिशेबी ती नदीच.

आता खालचे पाहू. उघडा चर म्हणजे छोट्या जिवांसाठी सापळा. रात्री बेडूक, सरडे, साप, उंदीर त्यात पडतात. सरळ उभ्या भिंतीवरून वर येता येत नाही आणि दिवस चढला की तळाशी ऊन तापते. ऑस्ट्रेलियात लांबच लांब वाहिन्या टाकताना हे फार दिसले, म्हणून तिथे काही रीत पडली. एका वेळी लांब चर उघडा ठेवायचा नाही. ठरावीक अंतरावर मातीचा उतार ठेवायचा, म्हणजे प्राणी आपले आपण बाहेर येतात. तळाशी गोणपाटाची ओली पोती टाकायची, त्यांच्याखाली ते सावलीला बसतात. सकाळी लवकर जाणकार माणसाने चर चालत तपासायचा आणि सापडेल त्याला उचलून रानात सोडायचे. रात्री पाइपांची तोंडे झाकायची. यात न परवडणारे काय आहे, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे. गोणपाटाची पोती तर आपल्या प्रत्येक मोंढ्यात मिळतात.

मातीची गोष्ट शेतकऱ्याला शिकवायला नको. वरची वीतभर माती वेगळी आणि खालचा मुरूम वेगळा. वरच्या मातीत गवताचे, वेलींचे, झुडपांचे बी कित्येक हंगाम निजून असते. खणताना ती माती वेगळ्या ढिगात ठेवली आणि बुजवताना सर्वात शेवटी पसरली, तर पहिल्या पावसात जागचीच हिरवळ उगवते. दोन्ही एकत्र कालवली की मुरूम वर येतो आणि पुढे तिथे घाणेरी आणि रानमोडी माजते. उतारावर पट्ट्याला आडवे बांधही घालावे लागतात, नाहीतर बुजवलेल्या चराचाच पऱ्ह्या होतो.

मग ठेकेदार म्हणतो, आम्ही झाडे लावून देतो. इथे जरा थांबून विचारावे: कोणती? आणि कुठे? कोकणातला सडा पाहा. जांभ्या दगडाचे ते पठार उन्हाळ्यात ओसाड वाटते, म्हणून पडीक समजले जाते. पण पावसाळ्यात बोटभर मातीवर आणि साचलेल्या पाण्यात तिथे इवल्या फुलांची चादर पसरते, आणि यातल्या काही वनस्पती जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्या सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावणे ही भरपाई नव्हे, दुसरी तोड आहे. तिथली मूळ वनस्पती म्हणजे गवत आणि ती फुलेच. आणि दगड फोडून काढलेला सडा मातीसारखा परत बसवता येत नाही. तिथे शहाणपण एकच, वाटच बदलणे. नदी किंवा रस्ता आला की यंत्राने खालून आडवे छिद्र पाडून पाइप ओढतात. जागा मोलाची असेल तर तेच तंत्र तिथेही वापरता येते का, हे विचारायला हरकत नाही.

शिवाय आपला कायदाही माहीत असावा. 1962 च्या पाइपलाइन कायद्याने जमीन सरकारजमा होत नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहते, सरकार फक्त वापराचा हक्क घेते. नुकसानभरपाई मिळते, आणि त्याखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम. पण त्या पट्ट्यावर मालकाला पुढे घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही आणि झाड लावता येत नाही. मुळे पाइपाच्या लेपाला इजा करतात, आणि गस्त घालणाऱ्याला पट्टा मोकळा दिसायला हवा. म्हणजे पट्ट्यावर 'वृक्षारोपण' होणार, असे कोणी भाषणात सांगितले तर ते कायद्यातच बसत नाही. पट्ट्यावर स्थानिक गवत आणि उथळ मुळांची झुडपे परत आणायची, मोठी झाडे कडेला राखायची, हाच मार्ग उरतो. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनेही पूर्वमंजुरीची अट घातली ती राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, प्रवाळ आणि संवेदनशील क्षेत्रांतून जाणाऱ्या वाहिन्यांना. गावची देवराई, गायरान, सडा या यादीत आपोआप येत नाहीत. तिथे बोलायचे ते गावानेच.

बोलायला मुदत असते. राजपत्रात सूचना निघाल्यापासून 21 दिवसांत, ज्याचा जमिनीत हितसंबंध आहे त्याला सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. हरकतीत नुसते 'आमचा विरोध आहे' असे लिहून फार उपयोग होत नाही. कोणत्या गटातून पट्टा जातो, कडेला कोणती झाडे आहेत, वर फांद्या कुठे जुळतात, पाणी कुठे मुरते, चर किती दिवस उघडा राहणार, वरची माती वेगळी ठेवणार का, हे लिहावे. एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी.

झाडाझुडपांची यादी करायला शाळेतली मुले उत्तम. आमच्या अनुभवात त्यांना पुस्तकातली नावे येतात, रानातली येत नाहीत. ती नानी-दादीला येतात. तेव्हा दोघांना मिळून एका सकाळी रानात पाठवावे. गवतांची नावे विसरू नयेत, यादीत नेहमी तीच राहून जातात. कोणी अशी यादी केली असेल तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवावी, गावाच्या नावासह या सदरात छापू.