न पुसणाऱ्या वहीवर हुकूम कोणाचा?



१९०१ साली सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदावयास घेतला होता. तेथे रोखपाल होते सुभेदार रामजी आंबेडकर. त्यांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मागे सरले. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली. वाटेत पाणी मात्र मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. हिशेबाची वही चोख असली म्हणून माणसाला माणुसकी मिळतेच असे नाही, हा धडा आपल्याला साताऱ्याच्याच मातीने दिला.

आज मदतीच्या पैशासाठी नवी वही निघाली आहे. तिला ब्लॉकचेन म्हणतात. एकाच वहीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. प्रत्येक पानावर मागील पानाची मोहर असते. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७ साली जॉर्डनमधील अझराक छावणीत सुमारे १०,००० सीरियन निर्वासितांसाठी ती वापरली. निर्वासिताने दुकानात यंत्रासमोर डोळा धरावयाचा, धान्य घ्यावयाचे. रक्कम वहीत वजा होते. बँकेचे शुल्क वाचते, मधल्या हाताला वाव कमी उरतो. हा लाभ आम्ही नाकारीत नाही.

परंतु आमचा सवाल निराळा आहे. या वहीत पहिली नोंद कोण करतो?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली. सरकारने ग्रामीण कुटुंबास १०,००० आणि शहरी कुटुंबास १५,००० रुपयांची मदत जाहीर केली. अशी मदत पंचनाम्यावर आणि यादीवर चालते. भाड्याच्या खोलीतले कुटुंब, दुसऱ्याच्या उताऱ्यावरची झोपडी, गावकुसाबाहेरचे घर यादीतून सुटले तर? वही फक्त दिलेल्या पैशाची साक्ष देते. न दिलेल्याची देत नाही. वगळलेला माणूस तिच्यात नसतोच, म्हणून तपासणीत ती निर्दोष ठरते! दुरुस्तीची नवी नोंद घालता येते, हे खरे. पण ती घालण्याचा अधिकार वही चालविणाऱ्यांच्या हाती. पूरग्रस्ताला वा निर्वासिताला तेथे मत नाही.

आणि माहिती कोठे जाते? जून २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने उघड केले की, बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांकडून मदतीसाठी घेतलेली माहिती म्यानमार सरकारच्या हाती गेली. ज्याच्या भयाने ते पळाले, त्याच्याच हाती! ती वही ब्लॉकचेनची नव्हती. मग न पुसणाऱ्या वहीत असे घडले तर काय होईल, याचा विचार करा.

हे दूरचे आहे असे समजू नका. आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या एटापल्लीत, २०२२ साली जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदविण्याचे काम हाती घेण्यात आले. दाखल्यातील चुकीची नोंद बदलून 'बौद्ध' करून घेण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणाऱ्या आपल्या घरांना दुरुस्तीच्या हक्काची किंमत कोणी सांगावयास हवी काय? जात हीच या देशातील न पुसणारी वही होती. ती झुगारून आपण बाहेर पडलो. आता तशीच दुसरी वही, कायद्याचा लगाम नसताना, आपण स्वीकारावी काय?

म्हणून मागणी करा. मदतीची यादी ग्रामसभेत आणि आपल्या वस्तीतही मोठ्याने वाचली जावी. वगळलेल्यास लेखी कारण मिळावे आणि ठराविक मुदतीत अपील ऐकले जावे. जात, धर्म, डोळा आणि अंगठा या वहीत चढवू नयेत. अंगठा उमटला नाही म्हणून कोणी उपाशी राहू नये. पैसे रोख मिळण्याची वाट खुली असावी. वही चालविणाऱ्या कंपनीशी झालेला करार जनतेपुढे ठेवावा.

कृष्णा पुन्हा वाढेल. तेव्हा यादी करणारा दारात येईल. त्याच्यापुढे हात जोडू नका. आपले नाव कसे लिहिले ते वाचून दाखवावयास सांगा. ते चुकले असेल, तर तेथेच हरकत नोंदवा.