वापसीचा नकाशा

1 फेब्रुवारी 2023 रोजी गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर हिमस्खलन झालं आणि पोलंडचे दोन स्कीपटू गेले. पुढच्या वर्षी 22 फेब्रुवारीला, गुलमर्गमध्ये ‘खेलो इंडिया’चे हिवाळी खेळ चालू असतानाच, पुन्हा तिथल्या बर्फाने एका रशियन स्कीपटूचा जीव घेतला. अशा बातम्यांखाली लोक एकच शब्द लिहितात: नशीब. तकदीर मीही मानतो. पण हिमस्खलनाच्या जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा बर्फाचा थर सुटतो तो अडकलेल्याच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. म्हणजे त्या उतारावर पाय ठेवायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

मी स्वतः स्की कधी पायात घातली नाही, हे आधीच सांगतो. पण सह्याद्रीत भटकणारी आपली पोरं आता गुलमर्गला स्कीचा कोर्स करायला जातात, आणि कोर्स झाला की पुढचं स्वप्न असतं ‘टूरिंग’चं. स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून आपल्या पायांनी चढायचं, खिंड ओलांडायची, दुसऱ्या बाजूने घसरत उतरायचं, फेरी पूर्ण करायची. गुलमर्गला तर गंडोला सुमारे 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. तिथून गस्तीच्या हद्दीबाहेर पडून जंगलातून थेट बाबा रेशींच्या जियारतीपर्यंत उतरता येतं. हद्दीच्या आत धोक्याचे उतार मुद्दाम स्फोट करून मोकळे केले जातात. बाहेर तसं कुणी करत नाही.

नियोजनाचं गणित तसं शाळकरी आहे. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणून नकाशावर उतार मोजायचा. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर काय लटकलंय ते पाहायचं. वाऱ्याने लोटलेला बर्फ आडोशाच्या बाजूला साचतो, ती बाजू टाळायची. फेरीत आणखी एक पेच असतो. सकाळी गारठ्यात घट्ट असलेला उतार दुपारी उन्हाने सैल होतो, आणि वसंतात नेमका तोच उतार परतीच्या वाटेवर असू शकतो.

धोक्याची पातळी 1 ते 5 आकड्यांत सांगतात. युरोपात ही पद्धत 1993 पासून आहे. यातला 3 हा आकडा मला शिक्षक म्हणून फार फसवा वाटतो. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, आपल्याकडे फर्स्ट क्लास! प्रत्यक्षात 3 म्हणजे ‘लक्षणीय’ धोका, आणि आल्प्समध्ये सर्वाधिक बळी याच पातळीवर जातात. 4 आणि 5 ला शहाणे लोक घरीच बसतात. 3 ला मात्र ‘बघू या’ म्हणून निघतात.

हे ‘बघू या’ सगळ्यात घातक. 2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीकच्या उतारावर तीन जण गेले. त्या टोळीत नवखं जवळपास कुणी नव्हतं. काहींच्या मनात शंका होती, पण इतक्या जाणत्यांसमोर ती बोलायची कशी? असं गप्प बसणं मी वर्गात रोज पाहतो. हुशार मुलांनी मान डोलावली की मागच्या बाकावरचा हात वर येता येता खाली जातो.

म्हणून माझं म्हणणं असं की, निघण्याच्या आदल्या रात्री मशवरा व्हावा आणि त्यात सगळ्यात नवख्याने पहिल्यांदा बोलावं. कुठल्या जागी, किती वाजता, काय दिसलं तर परत फिरायचं, ते कागदावर लिहावं. एकानेही ‘नको’ म्हटलं तर कारण न विचारता सगळ्यांनी वळावं. ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं प्रत्येकाकडे हवंच. पण गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, तेव्हा फावड्याच्या भरवशावर वाट ठरवू नये.

अडचण थोडी भाषेचीही आहे. मराठीत आपण ‘माघार घेतली’ म्हणतो आणि त्या शब्दात हार ऐकू येते. उर्दूत रणांगणातल्या माघारीला ‘पसपाई’ म्हणतात, घरी येण्याला ‘वापसी’. मराठीतही ‘परतणं’ आहेच की. टोळीच्या म्होरक्याने ‘आपण परततोय’ एवढंच म्हणावं. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवला असेल, तर हे म्हणणं त्यालाही सोपं जातं.