नावं बदलली, म्हणजे झालं?

‘ओळख गुप्त ठेवण्यासाठी नावं बदलली आहेत.’ मुलाखतींवर उभ्या असलेल्या संशोधनात हे वाक्य हमखास भेटतं आणि मला चीड येते. मी सॉफ्टवेअरवाला. डेटामधून नाव उडवलं, तरी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून माणूस सापडू शकतो, हे आमच्या धंद्यात जुनं झालं. मग जिथे माणसाची अख्खी गोष्टच छापली जाते, तिथे टोपणनाव कुणाला फसवणार?

नॅन्सी शेपर-ह्यूज ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. १९७०च्या दशकात ती आयर्लंडमधल्या एका खेड्यात राहिली. लोकांनी तिला घरात घेतलं, मन मोकळं केलं. त्यांच्या एकटेपणावर, मानसिक आजारांवर तिचं पुस्तक १९७९ साली आलं. गावाला तिने ‘बॅलीब्रॅन’ असं खोटं नाव दिलं होतं. पुस्तकाला पुरस्कार मिळाला. गावाने मात्र त्यात स्वतःला ओळखलं आणि ते दुखावलं. १९९९ मध्ये ती परत गेली, तेव्हा तिला गाव सोडायला लावलं. समोरासमोर पाळतो ती सभ्यता टोपणनावाच्या आडोशाने लिहिताना सुटते, हे पुढे तिनेच मान्य केलं.

‘विश्वास संपादन करा’ असं संशोधकांना शिकवतात. चहा घ्या, घाई करू नका. कशासाठी? तर समोरच्याने बोलावं म्हणून! रेकॉर्डर बंद झाला की नातंही बंद. संमतीपत्राची गत ॲपमधल्या ‘आय ॲग्री’सारखी: एकदा सही घेतली की आयुष्यभराची सोय.

आपल्याकडे वेगळी वाटही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’वर त्या ऐकताना गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिसतं. ती ‘सहभागी क्रमांक ७’ नाही. अर्थात, प्रत्येकीला नाव हवंच असेल असं नाही. पण लावायचं की लपवायचं, हे तिने ठरवावं.

‘सगळं दाखवून लिहायचं, तर टीका कशी करणार?’ असं विचारलं जाईल. मसुदा वाचून दाखवणं म्हणजे लेखणी गहाण टाकणं नव्हे. निष्कर्ष तुमचा राहू द्या, त्यांची हरकत शेजारी छापा. पण स्वतःची गोष्ट कुणाला मागे घ्यायची असेल, तर निमूटपणे परत द्या. ती तुमची नव्हतीच.

आणि जे वाक्य त्या माणसासमोर मोठ्याने वाचायची हिंमत नाही, ते छापूच नका.