औषधाच्या पाकिटावरची अक्षरे

“डॉक्टर, ही प्रेशरची गोळी की साखरेची?” असे विचारणारे ज्येष्ठ पेशंट रोज भेटतात. चष्म्याचा नंबर बरोबर असतो, तरी नाव वाचता येत नाही. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळट होते. आत उजेड कमी पोचतो आणि फिकट अक्षर मागच्या रंगात मिसळून जाते. मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. त्यात पाकीट चकाकणारे, अक्षरे बारीक, आणि मुदतीची तारीख पुष्कळदा नुसती दाबून उठवलेली!

संगणकाच्या पडद्यावरील मजकुरासाठी २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अक्षर व पार्श्वभूमीच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितले आहे. मग जिवाशी गाठ असलेल्या औषधाला पांढऱ्या, बिनचकाकीच्या पट्टीवर ठळक काळी अक्षरे का नकोत? ऑगस्ट २०२३ पासून ३०० नामांकित औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला. पण तो मोबाइल वाचतो, आजोबा नव्हे.

तोवर पाकीट उजेडात थोडे तिरके धरून वाचा. नाव आणि तारखेकडची गोळी सर्वांत शेवटी काढा.