विश्लेषण : ‘ग्लॉक १९’ की ‘सिग पी३६५’? अमेरिकेत लपवून बाळगण्यासाठी कोणते पिस्तूल योग्य?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ‘ब्रुएन’ खटल्यात ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने निकाल दिला आणि घराबाहेर पिस्तूल बाळगण्यासाठी ‘विशेष गरज’ सिद्ध करण्याची न्यूयॉर्कची अट रद्द झाली. न्यूजर्सी, कॅलिफोर्नियालाही तशीच अट सोडावी लागली. निम्म्याहून अधिक राज्यांत तर आता परवान्याशिवायही कपड्यांआड पिस्तूल बाळगता येते. साहजिकच ‘घ्यावे की नाही’ याऐवजी ‘कोणते घ्यावे’ हा प्रश्न तेथील अनेक घरांत, काही मराठी घरांतही विचारला जातो. उत्तरात बहुधा दोन नावे येतात.

दोन्ही पिस्तुलांत फरक काय?

ऑस्ट्रियन ‘ग्लॉक १९’ हे १९८८ पासूनचे मॉडेल. नळी साधारण चार इंच, रिकामे वजन सुमारे ६७० ग्रॅम आणि मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. ‘सिग सावर’चे ‘पी३६५’ आले २०१८ मध्ये. नळी जेमतेम तीन इंच, वजन सुमारे ५०० ग्रॅम, जाडी एक इंच, तरीही मूळ मॉडेलच्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या. दोन्ही अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. काडतूसही एकच, ९ मिमी.

लहान पिस्तूल चालवायला सोपे का?

दुकानात हातात घेतल्यावर तसे वाटते खरे. पण काडतूस तेच आणि वजन कमी, म्हणजे मागे बसणारा झटका अधिक जाणवतो. मूठ आखूड असल्याने मोठ्या हाताची करंगळी अधांतरी राहते. नळी आखूड झाल्याने पुढच्या-मागच्या साइटमधील अंतर घटते आणि नेमातील छोटी चूकही मोठी होते. खिशाला जे सोयीचे, ते हाताला सोयीचे असतेच असे नाही. सराव चुकवणाऱ्यासाठी हा फरक आणखी मोठा ठरतो.

१५ गोळ्या की १०?

हा वाद रंगतो खूप, पण तो अनेकदा कायदाच मिटवतो. न्यूयॉर्क, न्यूजर्सी आणि कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाला दहापेक्षा अधिक गोळ्यांचे मॅगझिन चालत नाही. तिथे ‘ग्लॉक’लाही दहाचेच मॅगझिन लावावे लागते. मग उरतो तो आकार, वजन आणि पकड यांचाच हिशेब.

सेफ्टीचे काय?

‘ग्लॉक १९’ला बोटाने लावायचे वेगळे सेफ्टी बटण नसते. चापावरची छोटी पट्टी आणि आतील यंत्रणा पिस्तूल पडले तरी गोळी सुटू नये याची काळजी घेतात. ‘पी३६५’ बटणासह आणि बटणाविना, दोन्ही प्रकारांत मिळते. मात्र चापात शर्टाचे टोक किंवा बोट अडकले, तर आतील यंत्रणा वाचवत नाही. म्हणून चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हवेच. पर्समध्ये किल्ल्या, पेन यांच्यासोबत सुटे पिस्तूल टाकणे हा अपघाताला दिलेला हात आहे.

कोणालाही विकत घेता येते का?

नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यास वय २१ हवे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीला, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. भारतात तर ९ मिमी पिस्तूल सामान्य परवानाधारकासाठी ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडते, त्यामुळे परतताना ते सोबत आणण्याचा विचारही नको.

मग निवड कोणती?

अंग बारीक, कपडे हलके आणि महिन्यातून एकदा तरी रेंजवर जाण्याची तयारी असेल, तर ‘पी३६५’ समजण्यासारखे आहे. नवख्याने मात्र ‘ग्लॉक १९’च्या आकाराचेच घ्यावे. लपवायला ते थोडे अवघड आहे, पण शिकायला सोपे. दोन्ही भाड्याने घेऊन पन्नास-पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या, तर जाहिरातीपेक्षा मनगट अधिक खरे सांगेल.

पण खरा प्रश्न याच्या पुढे आहे. ‘पी३६५’ या नावातच वर्षाचे ३६५ दिवस सोबत ठेवण्याची कल्पना आहे. पिस्तूल रोज सोबत असेल, तर रोज रात्री ते घरातही असणार. मुलांच्या हाताच्या अंतरावर आणि घरातल्या एखाद्या खचलेल्या माणसाजवळही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. रस्त्यावरच्या अनोळखी हल्लेखोराचा विचार करून घेतलेले शस्त्र बहुतेक काळ आपल्याच माणसांमध्ये पडून असते. म्हणून पिस्तुलाआधी पटकन उघडणारी कुलूपबंद पेटी घ्यावी. तिच्यासाठी घरात जागा आणि मनात शिस्त नसेल, तर दोन्हींपैकी एकही न घेणे हीच योग्य निवड.