आधी खराटा, मग कीर्तन

मंडळी, आजचं लिखाण जरा तिखट होणार आहे. ब्लडप्रेशरवाल्यांनी गोळी घेऊन वाचावं. आणि आमच्या नात्यातली जी प्राध्यापक मंडळी हे वाचतात, त्यांनी रागावू नये. रागावलात तरी दिवाळीला भेटणारच आहोत, तेव्हा भांडू.

विषय आहे कॉलेजांत आणि विद्यापीठांत होणारे पर्यावरणाचे कार्यक्रम. १९७२ साली स्टॉकहोमला ती मोठी परिषद झाली आणि १९७३ पासून ५ जून हा पर्यावरण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. पन्नासच्या वर पर्यावरण दिन झाले की हो! एवढ्या काळात काय काय साचलं? शपथा साचल्या, रांगोळ्या साचल्या, निबंध साचले. आता त्यात सेल्फीची भर. हिरव्या टोप्या, हिरवा फ्लेक्स, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते एक रोप, आणि त्या रोपाला हात लावलेले अकराजण. रोप दिसतही नाही फोटोत.

माझी नात पुण्यात शिकते. तिच्या शिक्षणसंस्थेत (नाव सांगत नाही) हरित सप्ताह ठरला होता आणि नियोजन तिच्या गटाकडे आलं होतं. "आजी, मराठीत एक चांगलं घोषवाक्य दे," असा फोन आला. मी म्हटलं, आधी नियोजनाचा कागद पाठव. आला. मंडप, फ्लेक्स तीन, टोप्या, बिल्ले, पाहुण्यांना बाटलीबंद पाणी, चहा कागदी कपात, फोटोग्राफर, ड्रोन. मी विचारलं, "यात कचरा कोण उचलणार ते कुठे आहे?"

"अगं, ते हाउसकीपिंगवाले करतात ना."

पोरगी गुणी आहे. तिची चूक काढत नाही. तिला जे शिकवलं गेलं तेच ती बोलली. पण माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्याविरुद्ध आहे. पर्यावरणाचा सप्ताह विद्यार्थ्यांनी करायचा आणि त्याचा कचरा कंत्राटावरच्या बायांनी उचलायचा. मग सात दिवसांत पोरं नेमकं काय शिकली? हेच, की घाण करणारा वेगळा आणि काढणारा वेगळा. आपल्या समाजाला हा धडा नवीन शिकवायची गरज आहे का हो? तो तर आपल्याला हजार वर्षं पाठ आहे.

आता कोणी म्हणेल, बाई, कागदी कप तर हिरवे असतात. नसतात. आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. आणि फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. तो कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर होतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कितीतरी प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. 'प्लॅस्टिक टाळा' असं फ्लेक्सवर छापून लावणाऱ्यांना मात्र अजून हसू येत नाही.

हे असं का होतं? माझ्या मते कारण साधं आहे. कार्यक्रमाचा फोटो निघतो, सवयीचा निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आणि पुन्हा २००३ साली सांगितलं म्हणून पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा झाला. पदवीच्या सगळ्या शाखांसाठी अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. उत्तम झालं. पण त्यातल्या प्रकल्पाच्या वह्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे नॅकने २०१७ साली पद्धत बदलली, तेव्हा सातव्या निकषात हरित परिसर, ऊर्जेची तपासणी, सायकली, प्लॅस्टिकबंदी असं सगळं आलं. हेतू चांगलाच. पण मूल्यांकनाला पुरावा लागतो, पुराव्याला फाइल लागते, आणि फाइलला फोटो लागतो. झालं! कार्यक्रम फाइलसाठी सुरू झाले.

आम्हा शाळामास्तरांना हे नवं नाही. साहेब तपासणीला येणार म्हटलं की भिंतीवर सुविचार चढायचे आणि साहेबांची जीप वळली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. २०००-०१ साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. ते दिवस मला चांगले आठवतात. गावंच्या गावं हातात खराटे घेऊन बाहेर पडली होती. पण ज्या गावांनी समितीसाठी झाडलं, ती समिती गेल्यावर पुन्हा होती तशी झाली. ज्या गावांनी पाळ्या लावल्या, तिथे फरक टिकला. म्हणजे बक्षिसाने सुरुवात होते, टिकतं ते पाळीने.

आणि ज्यांचं नाव त्या अभियानाला दिलं होतं, त्या माणसाची पद्धत काय होती? गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) गावात शिरले की पहिल्यांदा खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे. लोक आधी बघत राहायचे, मग लाजून एकेक जण सोबत यायचा. आणि रात्री कीर्तन. दिवसा रस्ता साफ, रात्री डोकी साफ. हा क्रम महत्त्वाचा आहे, मंडळी. त्यांच्या कीर्तनाला वजन होतं, कारण ऐकणाऱ्यांनी त्यांचे धुळीने भरलेले हात दुपारी पाहिलेले असायचे. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण राज्यभरच्या आपल्या हरित सप्ताहांत त्यांचं फक्त कीर्तन उरलं आहे, खराटा हाउसकीपिंगकडे गेला.

यावर माझे एक निवृत्त प्राचार्य स्नेही म्हणाले, "अहो बाई, जाणीवजागृती तरी होते ना?" मी म्हटलं, सर, कसली जाणीव करून देताय? तिसरीतलं पोर ओला कचरा आणि सुका कचरा घडाघडा सांगतं. जाणीव भरपूर आहे, सराव नाही. पोहण्यावर व्याख्यान ऐकून कोणी पोहायला शिकलंय का?

आणि असंही नाही की आपल्याकडे दुसरं उदाहरण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि कामही एकत्र करत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही 'कमवा आणि शिका' या पायावर. पोरांनी शेतात राबायचं आणि त्यावर शिकायचं. 'सस्टेनेबल कॅम्पस' हा शब्द तेव्हा नव्हता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातली कमवा व शिका योजना आजही कर्मवीरांच्याच नावाने आहे.

आमच्या शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर होते. ते सोडून १९८३ साली ते या दुष्काळी गावात येऊन राहिले. शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी हाताने करत करत शिकतात. काम आधी, पुस्तक त्याच्या मागून. पाबळच्या पोराला ऊर्जा वाचवा असं सांगायला पाहुणा बोलवावा लागत नाही.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर विद्यापीठाचंच आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका १९९० च्या सुमारास पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये जाऊ लागल्या. शिकवायला गेल्या आणि शिकून आल्या. कचऱ्यात हात घालून काम करणं म्हणजे काय, हे त्यांनी सोबत फिरून पाहिलं. कचरा घरातच वेगळा केला तर या बायांचं काम माणसासारखं होईल, हे त्यातून ध्यानात आलं. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. विद्यापीठाने समाजात उतरायचं म्हणजे काय, ते हे. यात हिरवी टोपी कुठे दिसते का बघा.

आता दोन आक्षेप, जे मला हमखास ऐकवले जातात.

पहिला: विद्यार्थी शिकायला येतात, झाडायला नाही. बरं. मग सप्ताहाच्या मंडपाखाली सात दिवस टाळ्या वाजवायला त्यांना वेळ कसा मिळतो? तेवढेच तास द्या.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. तो असा की झाडलोट हे काम आपल्याकडे जातीवर लादलं गेलं, आणि आता शिकायला आलेल्या मुलांच्या हाती पुन्हा झाडू देणार का? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. काही शाळांत वर्ग झाडायला ठरावीक मुलांनाच उठवलं जायचं, हे माझ्या पिढीला माहीत आहे. पण म्हणूनच पाळी सगळ्यांची हवी. यादीत पहिलं नाव विभागप्रमुखांचं, मग प्राध्यापकांचं, मग अकारविल्हे विद्यार्थी. जे काम सगळे करतात ते कोणाचाच कमीपणा राहत नाही. आणि त्यामुळे सफाई कामगाराची नोकरी जाता कामा नये, हेही बजावून सांगते. त्यांचं काम हलकं व्हावं, पगार नव्हे.

तर माझ्या मागण्या अशा. एकही खर्चिक नाही.

पहिली: प्रत्येक विभागाने आपल्या ओल्या कचऱ्याचा खड्डा आपणच सांभाळावा. खत झालं तर बागेला, वास सुटला तर आपल्याच नाकाला. वास हा फार चांगला शिक्षक आहे.

दुसरी: कॅन्टीनमध्ये स्टीलचे पेले, आणि ज्याने प्यायला त्याने विसळायचा. वारकऱ्यांच्या पंगतीत जमतं, तर पदवीधरांना का जमू नये?

तिसरी: प्रत्येक वसतिगृहाचं विजेचं आणि पाण्याचं मीटर वेगळं असावं, आणि दर महिन्याचा आकडा फळ्यावर लिहावा. दुसरं काही करू नका. आकडा बघून पोरं आपोआप भांडायला लागतील.

चौथी: रोपांची देखभाल कमवा व शिकातल्या मुलांना द्या आणि त्याचे नीट पैसे द्या. सुट्टीतसुद्धा द्या. हे का, ते सांगते. आमचा भाग पर्जन्यछायेतला. इथे जून-जुलैत लावलेलं रोप पावसात हसतं, थंडीत तग धरतं, आणि मरतं ते एप्रिल-मे महिन्यात. चासकमानच्या कालव्याच्या आवर्तनाकडे शेतकरी डोळे लावून बसतो ते हेच दिवस. आणि नेमकं तेव्हा कॉलेज रिकामं असतं! परीक्षा झाली, पोरं घरी गेली. रोपाचं वेळापत्रक आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांची गाठच पडत नाही. सरकारने २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. लावणाऱ्यांची नावं भरपूर सापडतील, पाणी घालणाऱ्याचं विचारा.

पाचवी: राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावोगाव होतात, त्यांना घोषवाक्यं नकोत, काम द्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून पोरं ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, ते पाहिलं की मला भरून येतं. गणपतीत नदीच्या घाटावर पोरं तासन् तास उभी राहून निर्माल्य गोळा करतात, तेही तसंच. ही तीच पोरं आहेत. पोरांत खोट नाही, त्यांना आपण चुकीचं काम देतो आहोत.

आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसांना यात एवढा रस का, तर शहर जे नजरेआड करतं ते खेड्याच्या शिवारात येऊन पडतं म्हणून. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला आणि त्यासाठी किती आंदोलनं केली, ते विचारा त्यांना. त्या डोंगरात कॉलेजांचे कागदी कपही होते.

असो. पुष्कळ झालं. कार्यक्रम कधीच करू नका, असं मी म्हणत नाही. कीर्तन मलाही आवडतं. पण तारीख बदला. ३१ मे रोजी, भर उन्हात, सगळ्यांनी मिळून गेल्या वर्षीची रोपं मोजा. किती लावली, किती जगली, दोन्ही आकडे फाटकावर खडूने लिहा. त्या दिवशी आवार झाडणाऱ्या बाईंना खुर्चीवर बसवा आणि वर्षभरात कचरा कमी झाला की वाढला, हे त्यांच्या तोंडून ऐका. त्या म्हणाल्या की कमी झाला, तर ५ जूनला खुशाल मंडप घाला. मी स्वतः तळेगावाहून एसटीने येईन आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.

तोपर्यंत मात्र माझ्याकडे घोषवाक्य मागू नये.